एप्रिलचा बर्फ आणि दुपारची वेळ

गंगटोकहून नथुला खिंडीकडे जाणाऱ्या जवाहरलाल नेहरू मार्गावर ४ एप्रिल २०२३ रोजी हिमस्खलन होऊन सात पर्यटकांचा मृत्यू झाला. तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. पर्यटकांना परवाने तेराव्या मैलापर्यंतचेच होते. दुर्घटना घडली पंधराव्या मैलाजवळ. त्यामुळे चर्चा झाली ती नियम मोडल्याची, आणि ती योग्यच होती. पण वसंतातल्या बर्फाळ उतारावर माणूस कुठे उभा आहे याइतकेच तो तिथे किती वाजता उभा आहे, यालाही महत्त्व असते.

हिवाळ्यातली बहुतेक मोठी हिमस्खलने ताज्या बर्फाच्या भाराने होतात. वादळात एक-दोन दिवसांत भरपूर बर्फ पडतो, जुन्या कमकुवत थराला तो पेलवत नाही आणि उतार सुटतो. एप्रिल-मेमध्ये सूत्रे उन्हाच्या हाती जातात. वरचा बर्फ वितळतो, पाणी खाली झिरपते आणि कणांना धरून ठेवणारे बंध सैल होतात. हे पाणी आतल्या एखाद्या कडक थरावर किंवा खडकावर साचले, की वरचा जड, ओला बर्फ घसरू लागतो. साधारण ३० ते ४५ अंशांचे उतार यात सर्वाधिक धोक्याचे.

रात्र निरभ्र असेल तर बर्फातली उष्णता आकाशात निघून जाते आणि पृष्ठभाग पुन्हा गोठतो. पहाटे ज्या उतारावर बुटाचा ठसाही उमटत नाही, तिथेच दुपारी पाय गुडघ्यापर्यंत रुततो. गिर्यारोहक मध्यरात्रीनंतर निघून दुपारच्या आत परततात, त्यामागचे एक कारण हे. ढगाळ रात्र मात्र फसवी. ढग पांघरुणासारखे काम करतात, बर्फ नीट गोठत नाही आणि सकाळही सुरक्षित राहत नाही. पर्यटकाला सुखावणारी उबदार रात्र जाणकाराला म्हणूनच आवडत नाही.

बर्फाखाली सापडलेला माणूस थंडीने मरतो, हा समजही तपासून घ्यायला हवा. बहुतेक मृत्यू गुदमरून होतात. थांबलेला बर्फ घट्ट बसतो, ओला असेल तर काँक्रीटसारखा. हात हलवणेही अशक्य होते आणि नाकातोंडासमोरची थोडीशी हवा उच्छ्वासाने दूषित होत जाते. स्वित्झर्लंडमधल्या नोंदींवरून दिसते, की पूर्ण गाडले गेलेल्यांना पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढले तर दहातले नऊहून अधिक जण वाचतात. अर्धा तास उलटला की वाचण्याची शक्यता एक-तृतीयांशाच्या आसपास येते. इतक्या वेळात हेलिकॉप्टर पोहोचत नाही. वाचवू शकतात ते सोबतीच, तेही प्रत्येकाकडे शोधसंदेश देणारे यंत्र, बर्फात खुपसायची लांब काठी आणि फावडे असेल तर. टॅक्सीतून उतरून फोटो काढायला उतारावर चढलेल्यांकडे यातले काहीच नसते.

हवा मिळाली तर काय घडते, हे उत्तराखंडमधील माणा गावाजवळ दिसले. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी तिथे सीमा रस्ते संघटनेच्या कामावरील ५४ मजुरांची छावणी हिमस्खलनात सापडली. ४६ जण वाचले, आठ दगावले. अनेक जण धातूच्या कंटेनरमध्ये होते. कंटेनर लोटले गेले, पण आत श्वास घेण्यापुरती पोकळी राहिली, आणि काही जण दुसऱ्या दिवशीही जिवंत बाहेर आले.

माणाच्या आदल्या संध्याकाळी चंडीगडच्या संरक्षण भू-माहिती संशोधन संस्थेने चमोली जिल्ह्यासाठी हिमस्खलनाचा इशारा दिला होता. म्हणजे अंदाज वर्तवणारी यंत्रणा देशात आहे. पण तिचे इशारे जिल्हा आणि उंचीच्या भाषेत येतात. २४०० मीटरच्या वर धोका, एवढे वाचून आपली गाडी आज दुपारी नेमकी कुठे असेल, हे पर्यटकाला कसे कळणार? ते सांगण्याची जबाबदारी परवाना देणाऱ्या खिडकीवर टाकता येईल. तिथे मैलाचा आकडा लिहिला जातोच. त्याच्या शेजारी परतीची वेळही लिहायला हवी.

महाराष्ट्रात शाळांच्या परीक्षा संपल्या, की मनाली आणि गंगटोकच्या सहली सुरू होतात. पहाटे उठायला मुले कुरकुरतात म्हणून बर्फ पाहायला जाणे न्याहारीनंतरवर ढकलले जाते, आणि गाडी वर पोहोचेपर्यंत ऊन चांगलेच तापलेले असते.