निरोपाचा नारळ दिला, पण पुढचे गुरुजी कधी येणार?

बेळगाव : शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी, टेबलावर शाल, नारळ आणि हार, समोर मुलं आणि मागे उभे असलेले पालक. सीमाभागातील मराठी शाळांना निरोप समारंभ नवा नाही. कुणाची बदली होते, कुणी वयाची साठ वर्षे पूर्ण करून निवृत्त होतो. पूर्वी जाणाऱ्या गुरुजींचा निरोप आणि येणाऱ्यांचे स्वागत बऱ्याचदा एकाच कार्यक्रमात उरकले जाई. आता अनेक ठिकाणी निरोप तेवढा होतो. दुसऱ्या दिवशी शाळेची किल्ली, कॅशबुक आणि माध्यान्ह आहाराचा हिशेब उरलेल्या सीनियर बाईंच्या हातात येतो. वर्ग तर त्यांच्याकडे आधीपासून असतोच.

बदल्या थांबवा, अशी मागणी दरवर्षी होते. ती भावना समजण्यासारखी असली तरी खरे दुखणे बदली हे नाही. शिक्षक जातो त्या दिवसापासून नवा हजर होईपर्यंत जो रिकामा काळ जातो, तो शाळेला खातो. मराठी माध्यमाच्या शाळेत हा काळ इतरांपेक्षा लांबतो. आणि तो कायद्यात बसत नाही, हे फारसे कुणी बोलत नाही.

शिक्षक का जातात?

कर्नाटकात शिक्षकांच्या बदल्यांसाठी 2007 मध्ये स्वतंत्र कायदा झाला. त्याच्या जागी 2020 चा कायदा आला. शहरापासून दुर्गम गावापर्यंत ए, बी आणि सी असे विभाग पाडून, सेवाज्येष्ठता आणि अडचणी पाहून कौन्सिलिंगने जागा द्यायची, ही त्याची पद्धत. वशिल्याला आळा बसावा हा हेतू होता आणि तो योग्यच होता.

पण या पद्धतीत प्रवाह एकाच दिशेने वाहतो. खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग पाहा. कणकुंबी, जांबोटीच्या पुढची आणि भीमगड अभयारण्याच्या पोटातली गावे म्हणजे चार महिने मुसळधार पाऊस, तुटपुंजी बससेवा आणि मोबाईलला रेंज नाही. अशा गावातला शिक्षक पात्र होताच खानापूर किंवा बेळगावजवळची जागा मागतो. त्यात गैर काही नाही. त्यालाही घर आहे, म्हातारे आई-वडील आहेत, मुलांचे शिक्षण आहे. मात्र त्याने सोडलेली जागा स्वखुशीने मागणारा दुसरा कुणी नसतो. परिणामी दुर्गम शाळा नोकरीची सुरुवात करण्याचे ठिकाण बनते, टिकण्याचे नाही.

मराठीची जागा कुणीही भरू शकत नाही

कन्नड शाळेतील शिक्षक गेला तर शेजारच्या गावातून दुसरा आणता येतो. मराठी शाळेत ते जमत नाही. इथे मराठीतून शिकवू शकणारा, कर्नाटकातील भरतीच्या अटींत बसणारा आणि टीईटी उत्तीर्ण असा उमेदवार लागतो. असे उमेदवार मुळात मोजक्या तालुक्यांतून येतात. भरती लांबली की तो झरा आटतो. मग तात्पुरती सोय म्हणून जवळच्या कन्नड शाळेतील शिक्षकाला आठवड्यातून काही दिवस पाठवले जाते. त्या शिक्षकाचा दोष नसतो. तो प्रामाणिकपणे गणित शिकवतो, पण पहिलीतल्या पोराला 'वजाबाकी' त्याच्या भाषेत कशी समजावायची, इथे दोघेही अडतात.

उरतो अतिथी शिक्षकांचा पर्याय. गावातलीच शिकलेली मुलगी किंवा मुलगा ही जबाबदारी घेतो आणि अनेक शाळा आज त्यांच्याच जोरावर उभ्या आहेत. राज्याच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पात त्यांच्या मानधनात महिना दोन हजारांची वाढ जाहीर झाली. तरी नेमणूक एका शैक्षणिक वर्षापुरतीच. पुढच्या जूनमध्ये आपण असू की नाही, हे त्यांनाही ठाऊक नसते.

दहा टक्क्यांचे कलम

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. त्यातील कलम 26 सांगते की, कोणत्याही सरकारी शाळेतील शिक्षकांच्या रिक्त जागा मंजूर जागांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नयेत. हे प्रमाण जिल्ह्याचे किंवा तालुक्याचे नाही, प्रत्येक शाळेचे आहे.

आता हिशेब करू. मंजूर जागा दोन असतील आणि एक रिकामी असेल, तर रिक्त प्रमाण पन्नास टक्के. चारपैकी एक रिकामी, तर पंचवीस टक्के. नऊपैकी एक रिकामी असली तरी प्रमाण अकरा टक्क्यांवर जाते. थोडक्यात, दहापेक्षा कमी मंजूर जागा असलेल्या शाळेत एकही जागा रिकामी ठेवायला कायदा परवानगी देत नाही. सीमाभागातील खेड्यापाड्यांतल्या मराठी प्राथमिक शाळा याच गटात मोडतात.

याच कायद्याचे कलम 25 सांगते की, एका शाळेत नेमलेल्या शिक्षकाला दुसऱ्या शाळेत किंवा कार्यालयात कामाला लावू नये. अपवाद कलम 27 चे, म्हणजे दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक. प्रत्यक्षात एका शाळेची भोके बुजवायला दुसऱ्या शाळेचे ठिगळ काढले जाते. शिवाय इतर कामे आहेतच. 22 सप्टेंबर 2025 रोजी राज्याचे सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षण सुरू झाले. त्यासाठी शिक्षक घरोघरी फिरले आणि सरकारी व अनुदानित शाळांची दसरा सुट्टी 18 ऑक्टोबरपर्यंत वाढवावी लागली. चार शिक्षक असलेली शाळा असा धक्का सोसते. एकशिक्षकी शाळेत तेवढे दिवस कुलूपच.

प्रभारी म्हणजे बिनपगारी दुसरी नोकरी

शिक्षक जाण्याइतकाच मोठा फटका मुख्याध्यापक जाण्याने बसतो. पहिली ते पाचवीच्या शाळेत दीडशेहून जास्त मुले असतील किंवा सहावी ते आठवीत शंभराहून जास्त असतील, तरच कायदा स्वतंत्र मुख्याध्यापक देतो. छोट्या शाळेत वर्गशिक्षकच प्रमुख असतो. मोठ्या शाळेत पद मंजूर असते, पण ते बढतीने भरायचे असल्याने निवृत्तीनंतर ज्येष्ठता यादी, हरकती, कौन्सिलिंग असा प्रवास सुरू होतो. तोपर्यंत कारभार 'प्रभारी' चालवतात.

हा कारभार किती? अक्षर दासोहचा तांदूळ-डाळीचा साठा, क्षीर भाग्यचे दूध, अंड्यांचा हिशेब, एसएटीएस आणि यूडायसवरची ऑनलाईन माहिती, शिष्यवृत्तीचे अर्ज, पाठ्यपुस्तके, गणवेश, शाळा सुधारणा समितीची बैठक, बँकेतल्या जोड सह्या. त्यावर गटशिक्षणाधिकारी कार्यालयातून येणारे 'आजच माहिती पाठवा' हे निरोप. प्रभारी बाई हे सगळे करतात आणि मधल्या वेळात तिसरी-चौथीला शिकवतात. सहीची जबाबदारी आहे, पण सहकाऱ्याला काही सांगण्याचा अधिकार नाही, कारण उद्या त्या पुन्हा त्यांच्याच रांगेत बसणार आहेत. पुढच्या दोन-तीन वर्षांचा विचार करावा, असे या खुर्चीत काहीच नसते.

चार्ज देण्या-घेण्यातही बरेच हरवते. यादीप्रमाणे कपाट, खुर्च्या, रजिस्टर मोजून दिले जातात. पण जुनी दाखल नोंदवही कोणत्या ट्रंकेत आहे, कोणत्या मुलाचे वडील गोव्याला कामाला गेल्यापासून तो गैरहजर राहतो, जागेचा वाद कुठपर्यंत आला आहे, गावातला कोण पत्रे बदलून द्यायला तयार आहे, हे कोणत्याही यादीत नसते. एकत्र काम करण्यासाठी आठ दिवसही मिळाले नाहीत तर ते निवृत्त होणाऱ्या गुरुजींबरोबर घरी जाते.

मुलांचे काय होते?

कर्नाटकात पहिली ते तिसरीला एकत्र बसवून शिकवण्याची नली-कली पद्धत 2009-10 पासून राज्यभर आहे. त्यात प्रत्येक मूल आपल्या गतीने शिकण्याची शिडी चढते. कोण कोणत्या पायरीवर आहे, हे शिक्षकाला ठाऊक असावे लागते. वर्षात दोनदा शिक्षक बदलला तर नव्याला ते कळेपर्यंतच दिवस निघून जातात. हुशार मुले वाट काढतात, मागे राहिलेले तिथेच राहते.

हा अनुभव फक्त इथला नाही. अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरातील चौथी-पाचवीच्या मुलांचा मोठा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या इयत्तेत शिक्षकांची ये-जा जास्त, तिथल्या मुलांचे भाषा आणि गणिताचे गुण कमी पडतात, असे त्यात दिसले. जे शिक्षक शाळेतच राहिले, त्यांच्या वर्गातील मुलांनाही फटका बसला होता. म्हणजे नुकसान एका वर्गापुरते राहत नाही. राहिलेल्यांवर भार वाढतो आणि सगळी शाळाच डळमळते.

यातून पटसंख्येचे दुष्टचक्र सुरू होते. शाळा उघडताना गावात इंग्रजी शाळेची गाडी फिरू लागते. पालक मराठी शाळेत येऊन साधा प्रश्न विचारतात, 'पुढच्या वर्षी तुम्हीच असणार का?' प्रभारींकडे उत्तर नसते. दोन-चार घरांतील मुले जातात. साठपर्यंत मुलांना दोन शिक्षक आणि 61 झाली की तिसरा, असे कायद्याचे प्रमाण आहे. त्यामुळे मोजकी मुले कमी होताच एक शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो आणि त्याला हलवले जाते. जागा आधी रिकामी ठेवल्यामुळे मुले गेली आणि मुले गेल्यामुळे जागाच गेली. मग 'मराठीला प्रतिसाद नाही' असा शेरा मारणे सोपे असते.

वचन शिक्षकाचे होते

भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे घटनेचे कलम 350-अ सांगते. 1956 च्या राज्य पुनर्रचनेच्या वेळीच ते घटनेत आले. त्याआधी 1949 मध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने सूत्र ठरवले होते : संपूर्ण शाळेत चाळीस किंवा एका वर्गात दहा मुले त्या भाषेची असतील, तर निदान एक शिक्षक नेमावा. या सूत्रात इमारतीचा, फलकाचा उल्लेख नाही. मोजमाप शिक्षकाचे आहे. दारावर 'सरकारी मराठी शाळा' अशी पाटी असून आत मराठीतून शिकवणारा कुणी नसेल, तर वचन पाळले गेले असे म्हणता येत नाही.

हे दोन्ही बाजूंना लागू आहे. 2024 मध्ये सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यात कन्नड माध्यमाच्या शाळांवर मराठी माध्यमाचे शिक्षक नेमल्याच्या तक्रारी झाल्या, तेव्हा कर्नाटकातून त्यावर आक्षेप घेतला गेला. तो आक्षेप रास्त होता. जतच्या कन्नड मुलाचा जो हक्क, तोच खानापूरच्या मराठी मुलाचा.

करता येण्यासारखे

यातल्या बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागत नाही. निवृत्तीची तारीख नेमणुकीच्या दिवशीच खात्याला माहीत असते. त्यामुळे पुढच्या मुख्याध्यापकाची निवड सहा महिने आधी सुरू करता येते आणि दोघांना काही दिवस एकत्र काम देता येते. कौन्सिलिंगआधी रिक्त जागांची यादी माध्यमनिहाय जाहीर व्हावी. एक-दोन शिक्षकांच्या शाळेतून कार्यमुक्त करताना पर्यायी शिक्षक हजर असल्याची खात्री करावी. अतिथी शिक्षकांची निवड मे महिन्यात पूर्ण व्हावी, म्हणजे शाळा उघडताना वर्गात माणूस असेल.

पालकांच्या हातीही काही आहे. रिक्त जागेबद्दल शाळा सुधारणा समितीने ठराव करून तो गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यावा आणि पोच घ्यावी. मंजूर जागा किती, भरलेल्या किती, जागा कोणत्या तारखेपासून रिकामी, एवढे तीन आकडे आणि कलम 26 चा उल्लेख पुरेसा आहे. कलम 32 नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. तिचा निकाल तीन महिन्यांत द्यावा लागतो आणि त्यावर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील करता येते. तोंडी विनंतीला यातले काहीच लागू होत नाही.

गुरुजींना शाल-नारळ देण्याचा ठराव समितीच्या ज्या वहीत लिहिला जातो, त्याच वहीत, त्याच दिवशी, त्यांच्या जागी मराठी शिक्षक मागणारा दुसरा ठरावही लिहायला हवा.