श्रावणातले कुंपण पुरे झाले

कोकणातून वा गोव्यातून पिढ्यांपूर्वी बाहेर पडलेल्या आपल्या घरांत, मग ते घर बडोद्याचे असो की इंदूरचे, दिवाणखान्यात गावाकडचे एक छायाचित्र हमखास आढळते. चिऱ्यांचा गडगा, त्यावर मखमली शेवाळ, मधोमध बेडे आणि खाली मथळा : ‘आमचे गाव’. छायाचित्र नेमके श्रावणातले असते. माझा आक्षेप या श्रावणाला आहे.

कुंपण एकदा घातले की झाले, असे तिकडे होत नाही. पहिल्या पावसात मोगली एरंडाच्या, पांगाऱ्याच्या फांद्या रोवाव्या, तेव्हा जिवंत वई उभी राहते. शेतात भात असेतो बेड्याचे आडवे बांबू लावलेले असतात. कापणी उरकली की ते निघतात आणि गुरे मोकळी चरू लागतात. जेथे भाजीचा मळा असेल तेथे काटेरी फांद्यांची नवी वई घालावी लागते. माघ-फाल्गुनात निष्पर्ण पांगारा लाल फुलांनी पेटतो. वैशाखात शेवाळ करपून काळे पडते, वाळवीने खाल्लेल्या काठ्या लोंबू लागतात आणि गडग्यातून निसटलेले चिरे उघडे दिसतात. बेडे उघडे की बंद, एवढ्यावरून जाणत्याला हंगाम सांगता येतो. कुंपण ही शोभेची बाब नव्हती; मोकाट गुरांपायी होणाऱ्या नासाडीसाठी ब्रिटिश सरकारने १८७१ साली स्वतंत्र कायदा केला, त्यात कोंडवाड्यांची तरतूद होती.

यावर रसिक म्हणतील, छायाचित्र ही कला आहे, पंचनामा नव्हे. पॉल स्ट्रँडने १९१६ साली अमेरिकेतील पोर्ट केंट येथे पांढऱ्या लाकडी कुंपणाचे एक छायाचित्र घेतले. ते एकच पुरेसे ठरले. मान्य. परंतु स्ट्रँडने त्याखाली ‘आमचे गाव’ असे लिहिले नव्हते. आकाराचे सौंदर्य दाखवायला एक क्षण पुरतो. नाते सांगायचे असेल तर वर्ष लागते.

हे मी स्वतःला वगळून लिहीत नाही. असेच एक छायाचित्र मी चौकटीत बसवून गावी चुलतभावाकडे पाठवले. त्याचा फोन आला. “छान आहे, दादा. पण उजवीकडचा गडगा मागच्या चैत्रातच ढासळलाय. तो तू चौकटीबाहेर ठेवलास.” त्याच्या स्वरात रोष नव्हता, म्हणून ते अधिक लागले. गडगा सामाईक, चिरे बसवणाऱ्या गड्यांची मजुरी मात्र वर्षानुवर्षे तो एकटा देत आला होता.

आपला श्रावण असा असतो : पडझड वगळणारा आणि जबाबदारीही वगळणारा. म्हणून माझे म्हणणे साधे आहे. एकाच जागी उभे राहून, एकाच कुंपणाची निदान चार छायाचित्रे घ्या : आषाढात, कार्तिकात, फाल्गुनात आणि वैशाखात. स्वतः जाणे जमत नसेल, तर तेथे राहणाऱ्याला घ्यायला सांगा. आता प्रत्येकाच्या हाती मोबाइल आहे. वई बांधणारे हातही त्यात येऊ द्या. आणि वैशाखातले छायाचित्र पाहून झाले की आपल्या वाट्याची मजुरी पाठवा. त्यानंतर ‘आमचे गाव’ हा मथळा खुशाल लिहावा. तोवर ‘त्यांचे गाव, आमचा श्रावण’ एवढेच लिहिणे प्रामाणिकपणाचे होईल.