नवी बॅटरी, जुना चार्जर

भाईंदरजवळील उत्तनच्या मासेमारी नौकांत दिवे, बिनतारी यंत्र व दिशादर्शक यंत्र हीं बॅटरीवर चालतात. तेथील शिशाची जड बॅटरी काढून हलकी लिथियमची बसवावी, असें ज्याच्या मनांत येईल, त्यानें पात्र बदललें कीं भरण्याची रीतहि बदलते, हें विसरूं नये.

लिथियम-लोह-फॉस्फेटच्या चार कोषांची बॅटरी १२.८ व्होल्टची असते. ती सामान्यतः १४.२ ते १४.६ व्होल्टपर्यंत भरावी. शिशाच्या बॅटरीस मधूनमधून १५ व्होल्टांहून अधिक दाब देणारा जुना चार्जर तिला मानवत नाहीं.

दुसरें भय एंजिनावरील अल्टर्नेटरचें. ही बॅटरी वीज इतकी भराभर ओढते कीं, तो अतिशय तापून निकामी होऊं शकतो; आणि तिच्यांतील संरक्षक यंत्रणेनें एकाएकीं प्रवाह तोडल्यास त्याचे डायोडहि जळण्याचा संभव असतो. म्हणून आमच्या मतें एंजिन सुरू करण्यास शिशाची बॅटरी निराळी ठेवावी, मध्यें प्रवाहास मर्यादा घालणारा डीसी-टू-डीसी चार्जर बसवावा, व तारेस योग्य फ्यूज घालावा.

घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी बदलतांना आमच्या वाचकांनींहि हाच पात्रापात्रविवेक करावा. घरांत चूक झाली तर मेणबत्ती मिळते. भर समुद्रांत मात्र चार्जरवर वांचविलेला पैसा म्हणजे विकत घेतलेला काळोखच होय.