महाडचा वारसा आणि विद्यापीठांचे धैर्य

स्मरणिकेत शाळेच्या वाटचालीचा आढावा येतोच. आम्ही मात्र शाळेच्या फाटकापलीकडच्या एका प्रश्नाविषयी लिहीत आहोत. पोलादपूरच्या डोंगरवाड्यांतून आणि महाडच्या खाडीपट्ट्यातून येथे आलेली मुले-मुली दहावीनंतर महाविद्यालयांत जातात. रायगड जिल्ह्यातील ही महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. तेथे कोणते पुस्तक वाचायचे हे कोण ठरवतो, आणि भावना दुखावल्याचे सांगत जमाव दारात आला की विद्यापीठ कोणाच्या पाठीशी उभे राहते, हा प्रश्न म्हणूनच आपल्या घरचा आहे.

२०१० साली मुंबई विद्यापीठात रोहिंटन मिस्त्री यांची ‘सच अ लाँग जर्नी’ ही कादंबरी बी. ए.च्या द्वितीय वर्षाला नेमलेली होती. एका राजकीय पक्षाच्या विद्यार्थी संघटनेने तिच्यावर आक्षेप घेतला, प्रती जाळल्या, आणि कुलगुरूंनी विशेषाधिकार वापरून ती अभ्यासक्रमातून काढली. अभ्यासमंडळात आक्षेपाची रीतसर चर्चा होऊन हा निर्णय झाला नव्हता. शिकवणारे प्राध्यापक आणि वाचणारे विद्यार्थी, दोघांनाही निर्णय ऐकण्याखेरीज काही उरले नाही.

हे दुसऱ्यांविषयी बोलणे सोपे आहे. आपल्याविषयी बोलणे अवघड, पण तेच अधिक अगत्याचे. अकरावीच्या राज्यशास्त्राच्या केंद्रीय पाठ्यपुस्तकात शंकर यांचे १९४९ सालचे एक व्यंगचित्र होते. संविधाननिर्मितीची गोगलगाय, तिच्यावर बसलेले बाबासाहेब आणि मागे आसूड घेतलेले पंडित नेहरू. मे २०१२ मध्ये त्यावरून संसदेत गदारोळ झाला. सरकारने माघार घेतली आणि ११ मे रोजी सुहास पळशीकर व योगेंद्र यादव यांनी त्या पुस्तकाच्या सल्लागारपदाचे राजीनामे दिले. दुसऱ्या दिवशी पुणे विद्यापीठात काहींनी पळशीकर सरांच्या कार्यालयाची मोडतोड केली. बाबासाहेबांचे नाव घेऊन हे झाले. मागणी मान्य झालेली होती, राजीनामा दिलेला होता. मग खुर्च्या-टेबलांचा अपराध तो काय?

त्या चित्राने झालेली वेदना खोटी होती, असे आम्ही म्हणणार नाही. ज्या वर्गात आपल्या समाजाची एकच मुलगी बसलेली असते, तेथे ते पान उघडले जाताना मागच्या बाकावर कोणती कुजबुज होत असेल, हे सल्लागारांना न सुचणे ही उणीवच होती. परंतु ती वेदना सांगण्याची जागा वर्ग होती, अभ्यासमंडळ होते, लेखणी होती. प्राध्यापकाची खोली फोडल्याने त्या मुलीला वर्गात बोलण्याचे बळ मिळाले नाही. उलट तिच्या वेदनेवर बोलण्याऐवजी सगळे मोडतोडीवर बोलू लागले.

ही गोष्ट अधिक सलते, कारण त्या घटनेच्या २४ वर्षे आधी आपणच दुसऱ्या बाजूला उभे होतो. राज्य शासनाने १९८७ मध्ये बाबासाहेबांच्या समग्र लेखनाचा चौथा खंड काढला, त्यातील राम-कृष्णाविषयीच्या परिशिष्टावरून धर्मभावनेचा आक्षेप उठला आणि ते वगळण्याची तयारी झाली. ५ फेब्रुवारी १९८८ रोजी मुंबईत निघालेल्या प्रचंड मोर्चाने ठणकावून सांगितले, बाबासाहेबांचा शब्द कापता येणार नाही. अखेर या मतांशी शासन सहमत असेलच असे नाही, अशा आशयाच्या टिपेसह परिशिष्ट राहिले. मतभेद टिपेत आणि मजकूर जागेवर: विद्यापीठांनी शिकण्याजोगी ही तडजोड होती.

येथे कोणी आम्हांला विचारेल, महाडकरांनो, ग्रंथ तर तुम्हीच जाळला ना? होय. २५ डिसेंबर १९२७ च्या रात्री, फत्तेखान यांनी दिलेल्या जागेवर भरलेल्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. पण आधी परिषद भरली, भाषणे झाली, ठराव झाला आणि मग दहन झाले. त्यासाठी कोणाचे ग्रंथालय फोडले नाही, कोणा पंडिताला घरात कोंडले नाही. बाबासाहेब पुढेही तो ग्रंथ अभ्यासत आणि त्यातील वचनांची झडती घेत राहिले. त्याच वर्षी २० मार्चला मात्र ‘हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार’ या अफवेवरून परिषदेहून परतणाऱ्यांना महाडात मारहाण झाली होती. पुण्याच्या मोडतोडीचे नाते यांतील कोणत्या दिवसाशी जुळते, हे वाचकांनीच ठरवावे.

दीघनिकायातील पहिल्याच सुत्तात, ब्रह्मजाल सुत्तात, राजगृह आणि नालंदा यांच्यामधल्या वाटेवर घडलेला प्रसंग आहे. सुप्पिय नावाचा परिव्राजक बुद्ध, धम्म आणि संघ यांची निंदा करीत चालला होता. तथागतांनी भिक्खूंना सांगितले की अशा वेळी रागावू नका, कारण रागावलात तर समोरचा खरे बोलतो की खोटे, हे तुम्हांला कळणारच नाही. जे खोटे असेल ते खोटे का आहे, हे दाखवून द्या. पुढे महाविहारासाठी कीर्ती पावलेल्या नालंदेच्या वाटेवर हे बोलले जावे, याचे आम्हांला नेहमी अप्रूप वाटते.

विद्यापीठांकडून आमची अपेक्षा मोठी नाही. आक्षेप लेखी घ्यावा, त्या विषयाच्या अभ्यासमंडळापुढे ठेवावा आणि निर्णय होईपर्यंत पुस्तक शिकवत राहावे. धमकी देणाऱ्यांवर प्रशासनाने स्वतःच्या नावाने फिर्याद द्यावी, ते काम एकट्या प्राध्यापकावर सोडू नये. आणि आडनाव ऐकताच जिच्याकडे माना वळतात, त्या विद्यार्थिनीला वर्गात निर्भयपणे प्रश्न विचारता यावा. अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या चर्चेत लेखकाचा उल्लेख हमखास होतो, तिचा क्वचित.

आपल्यापुरती एक सूचना करतो. शाळेच्या ग्रंथालयात एका फळीवर मनुस्मृतीचे मराठी भाषांतर, बाबासाहेबांचा चौथा खंड त्या टिपेसह, मिस्त्रींची कादंबरी आणि व्यंगचित्र असलेली ती जुनी पाठ्यपुस्तकाची प्रत शेजारी शेजारी ठेवावी. ज्या माजी विद्यार्थ्यांकडे यांपैकी काही असेल, त्यांनी येत्या २५ डिसेंबरपूर्वी ते शाळेकडे पोहोचते करावे.