रात्रीच्या जागरणाचा हिशोब

कुवेतमध्ये २०१५ साली घरकामगारांसाठी कायदा झाला. दिवसाला जास्तीत जास्त १२ तास काम, आठवड्याला एक सुट्टी, मालकाने पासपोर्ट ठेवून घ्यायचा नाही. चांगलाच आहे. पण घरात राहून बाळ सांभाळणाऱ्या बाईचे १२ तास मोजायचे कसे? बाळ रात्री दोनला उठतं. दूध पाजायचं, ढेकर काढायचा, खांद्यावर घेऊन फिरवायचं. डोळा लागतो तोवर पाचला पुन्हा रडतं. तिचं अंथरूण बाळाच्याच खोलीत, त्यामुळे हिशोबात ती रात्रभर 'झोपलेली'. सुट्टीच्या दिवशी बाहेर पडायची मुभा नसेल, तर बाळ तिच्याच कडेवर.

आपल्या सरकारचा इलाज म्हणजे वयाची अट. ईसीआर पासपोर्टवर तिशीच्या आतल्या बाईला घरकामासाठी आखातात जाऊ देत नाहीत. एकतिसाव्या वर्षी रात्र काही लहान होत नाही! घरकामगारांच्या हक्कांचा आयएलओचा करार २०११ चा, त्यावर भारताची मंजुरी अजून नाही.

आणि तिथे मालक फक्त अरब असतात असंही नाही. रत्नागिरी-रायगडची आपली माणसं तिकडे बायकामुलांसह राहतात, काहींच्या घरी बाळाला सांभाळायला बाईही असते. मजुराचा हक्क बुडवू नये हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. तेव्हा पुढच्या फोनवर आपाला, भाईंना विचारा: तिचा पासपोर्ट कुणाच्या कपाटात आहे? आणि रात्री बाळासाठी जागते, ते कामात धरता का?