भांडवल आले, पेढे वाटा!

आरे कॉलनीच्या एका अंगाला गोरेगाव, दुसऱ्या अंगाला पवई. मधल्या झाडीत १९४९ साली दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने सरकारी दुग्धवसाहत उभी राहिली आणि आरेचे नाव मुंबईकरांच्या घरी पोहोचले ते बाटलीतून. कार्ड घेऊन केंद्रावर जायचे, दूध आणायचे, तापवायचे. फाटले तर साऱ्या चाळीला कळायचे. खुरोडींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला १९६३ साली, म्हणजे बरीच वर्षे दूध वाटून झाल्यावर.

शेजारच्या पवईत नाव होण्याची रीत आता बदलली आहे. आयआयटीतल्या मुलांनी २०१२ साली ‘हाउसिंग डॉट कॉम’ काढली. भाड्याची जागा शोधताना होणारी पायपीट वाचावी, म्हणून घरांची खरी छायाचित्रे आणि नकाशा दाखवण्याची त्यांची कल्पना उत्तम होती. पण तंत्रज्ञानाच्या बातम्या देणाऱ्या संकेतस्थळांवर गाजले काय? डिसेंबर २०१४ मध्ये जपानच्या सॉफ्टबँकेच्या पुढाकाराने आलेले सुमारे नऊ कोटी डॉलर. मग राहुल यादव यांचा राजीनामा, तो मागे घेणे, स्वतःचे सारे समभाग कर्मचाऱ्यांना देण्याची घोषणा आणि जुलै २०१५ मध्ये संचालक मंडळाने त्यांना दूर करणे. किती भाडेकरूंना घर मिळाले, हे कुणी आठवून सांगेल का? २०१७ च्या आरंभी ती कंपनी ‘प्रॉपटायगर’मध्ये विलीन होत असल्याची बातमी आली, तेव्हा गलका बराच ओसरला होता.

माझी तक्रार या उफराट्या क्रमाविषयी आहे. भांडवल मिळणे म्हणजे कमाई नव्हे. कुणी दहा कोटी देऊन दहा टक्के हिस्सा घेतला की कंपनी कागदोपत्री शंभर कोटींची होते; ती दरमहा तोट्यात असली तरी! बातमीत मात्र शंभर कोटीच झळकतात. ही बातमी बहुधा कंपनीच्याच पत्रकातून येते. ती ताबडतोब छापली नाही तर दुसरे संकेतस्थळ छापते. अडचणीचा प्रश्न विचारला तर पुढची बातमी मिळण्याची खात्री नाही. चार माणसांच्या कचेरीने करावे तरी काय?

शिवाय नाती गुंतलेली असतात. अमेरिकेतल्या ‘टेकक्रंच’चे संस्थापक मायकेल अॅरिंग्टन यांनी २०११ साली नव्या कंपन्यांत पैसा गुंतवणारा निधी काढला, बातमीदार आणि गुंतवणूकदार एकच कसा, यावरून वाद पेटला आणि त्यांना ‘टेकक्रंच’ सोडावे लागले. आपल्याकडे श्रद्धा शर्मा यांनी २००८ साली सुरू केलेल्या ‘युवरस्टोरी’ने कितीतरी अनोळखी उद्योजकांना पहिल्यांदा जागा दिली, मोठ्या दैनिकांनी त्यांना दारातही उभे केले नसते. पण २०१५ साली याच संस्थेत ‘कलारी कॅपिटल’ने पैसा घातला. कलारीचा पैसा ‘स्नॅपडील’सारख्या कंपन्यांतही होता. म्हणून बातम्या खोट्या ठरत नाहीत. वाचकाने मात्र हे नाते ठाऊक ठेवून वाचावे.

घरच्या माणसांना याच्याशी काय देणेघेणे, असे कुणी म्हणेल. देणेघेणे आहेच. मुलगा पक्की नोकरी सोडतो तो असला मथळा वाचून. हल्ली स्थळ सांगून येते तेव्हासुद्धा ‘मुलाच्या कंपनीला अमुक कोटी मिळाले’ हे पगाराच्या आधी सांगतात! ‘बायजूज’चे मूल्य २०२२ साली २,२०० कोटी डॉलर असल्याचे आपण वाचत होतो. त्या झगमगाटावर विसंबून कित्येक पालकांनी शिकवणीसाठी कर्जे काढली. जुलै २०२४ मध्ये तिच्याविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली.

घरातल्या तरुणाने अशी बातमी दाखवली तर मी तीनच गोष्टी विचारीन. माल विकत कोण घेतो? एका गिऱ्हाईकामागे सुटते किती? आलेला पैसा किती महिने पुरेल? बातमीत उत्तरे नसतील तर कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे भरलेले ताळेबंद थोडे शुल्क देऊन पाहता येतात.

नव्या कंपन्यांची कसून झडती घेणारी ‘द केन’सारखी संकेतस्थळेही २०१६ पासून आपल्याकडे आहेत. ती चालतात वाचकांच्या वर्गणीवर. पेढे वाटणारी पाने मात्र फुकट मिळतात, आणि नोकरीचा निर्णय घ्यायच्या आदल्या रात्री आपले पोर तीच उघडून बसते.