कोयनेचे दोन धक्के

भूकंप ही दैवाधीन आपत्ती होय, असे म्हणून पुष्कळ लोक स्वस्थ बसतात. या म्हणण्यात सत्य आहे, पण ते अर्धेच. धरणी केव्हा कंप पावेल हे मनुष्याला सांगता येत नाही. परंतु ती कंप पावली असता घर उभे राहील की कोसळेल, हे बव्हंशी त्याच्याच हाती असते.

सह्याद्रीच्या कुशीतील कोयनेच्या खोऱ्यात १०३ मीटर उंचीचे धरण बांधले गेले. शिवाजीसागर जलाशय भरू लागल्यावर तेथील जमिनीला लहानसहान कंप जाणवू लागले. १३ सप्टेंबर १९६७ रोजी मोठा हादरा बसला. तो ओसरला आणि व्यवहार पूर्ववत चालू झाले. पुढे तीनच महिन्यांनी, ११ डिसेंबरच्या पहाटे, लोक साखरझोपेत असता त्याहून कितीतरी प्रचंड धक्का आला. कोयनानगरातील बहुतेक घरे पडली. सुमारे १८० माणसे दगावली. धरणाच्या भिंतीला तडे गेले, पण धरण फुटले नाही. जलाशयाच्या पाण्यामुळेच खोल खडकांतील ताण मोकळा झाला, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात.

धरणाची भिंत पुढे बळकट करण्यात आली. खेड्यापाड्यांतील घरांच्या भिंती मात्र होत्या तशाच राहिल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीस त्याची किंमत मोजावी लागली. तो भूकंप कोयनेच्या भूकंपाहून मोठा नव्हता, तरी हजारो लोक मृत्युमुखी पडले. वस्ती दाट होती हे खरे. परंतु मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरच्या माळवदांचा भार यांनीच बहुतेकांचा घात केला.

मातीची घरे गेली, आता सिमेंटच्या घरांत भय कसले, असे कोणी म्हणेल. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा दोनशे किलोमीटरांहून दूर असलेल्या अहमदाबादेत सिमेंटच्याच बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतील कित्येकांचा तळमजला वाहनांसाठी मोकळा होता आणि वरचा सारा भार नुसत्या खांबांवर होता. असे खांब मुद्दाम अधिक मजबूत करावे लागतात.

पुण्याजवळची रहाटणी एके काळी शेतीचे गाव होती. आज तेथे खांबांवर उभ्या असलेल्या उंच इमारतींची दाटी आहे. कोयना तेथून सरळ रेषेत दीडशे किलोमीटरांच्या आत आहे. २००२ च्या भूकंप-नकाशाने पुण्यास मध्यम धोक्याच्या तिसऱ्या विभागात घातले होते. धोका मध्यम म्हणून काळजी मध्यम, हा न्याय येथे चालत नाही.

घर घेताना लोक फरशीची चकाकी पाहतात, खिडकीतून येणारा वारा पाहतात. खांबांत लोखंड किती व कसे गुंफले आहे, आराखडा कोणी तपासला आहे, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. हा प्रश्न विचारण्यास पैसा लागत नाही. पहिला धक्का विसरण्याची सवय मोडली, तर दुसऱ्या धक्क्यात पुष्कळ जीव वाचतील.